घरी शिकणाऱ्या दोन-तीन मुलांसाठी अभ्यासक्रम आणि साहित्य कसे निवडावे

एका मुलासाठी होमस्कूलिंग सुरू करणारे पालक सहसा त्याच्या इयत्तेचा पुस्तकसंच आणतात आणि त्यावर वर्ष निभावून नेतात. घरात दोन-तीन मुले शिकू लागली की मात्र हीच रीत अंगावर येते. तीन इयत्तांचे तीन संच आणि प्रत्येकात सहा-सात विषय म्हणजे वीसेक विषयांचा भार एकट्या आईच्या किंवा वडिलांच्या माथी येतो; गणपती येईपर्यंत निम्मी पुस्तके मागे पडलेली असतात आणि मुले आपली पाळी येण्याची वाट पाहत बसून राहतात. अशा घरात सर्वांत तुटपुंजा असतो तो शिकवणाऱ्याचा वेळ. म्हणून कोणतेही पुस्तक हाती घेताना पहिला प्रश्न हा विचारावा, की यासाठी मला रोज किती वेळ मुलाशेजारी बसावे लागेल?

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांत ही अडचण रोजचीच आहे. तिथे एका शिक्षकाकडे दोन किंवा अधिक वर्ग असतात आणि अनुभवी शिक्षक प्रत्येक इयत्तेचा प्रत्येक तास वेगळा घेत बसत नाहीत. ते एका गटाला समजावत असतात तेव्हा दुसऱ्या गटाच्या हाती स्वतःचे स्वतः करता येईल असे काम असते, आणि गोष्टी, गाणी, परिसर अभ्यास सर्वांचा एकत्र होतो. बहुवर्ग अध्यापनाची ही पद्धत घरालाही उत्तम लागू पडते. पुढच्या विवेचनासाठी एक घर डोळ्यांसमोर ठेवू: थोरली बारा वर्षांची, मधला आठ वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची, आणि सकाळचे तीन तास देऊ शकणारे एक पालक.

पहिली पायरी: शेवटची परीक्षा आधी ठरवावी

अभ्यासक्रम निवडताना सुरुवात धाकटीपासून करू नये. थोरली दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची देणार, हे आधी ठरवावे आणि तिथून मागे यावे. महाराष्ट्रात व्यवहार्य मार्ग मुख्यतः दोन आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्था, म्हणजे एनआयओएस, ही १९८९ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था आहे. तिच्या माध्यमिक परीक्षेला वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात, त्यांत निदान एक भाषा असावी लागते, आणि नोंदणी पाच वर्षे टिकत असल्याने विषय एकेक-दोन-दोन करून देता येतात. मुख्य परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. माध्यमिक परीक्षेला मराठी माध्यमही उपलब्ध आहे. कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही जन्मदाखला आणि आपण या पातळीचा अभ्यास केला असल्याचे स्वयंघोषणापत्र यांच्या आधारे तिथे प्रवेश मिळू शकतो.

दुसरा मार्ग म्हणजे राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून, १७ नंबरचा फॉर्म भरून देणे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला मागितला जातो. त्यामुळे मुलांना शाळेतून काढून घरी शिकवणाऱ्यांनी तो दाखला रीतसर घेऊन जपून ठेवावा. केंब्रिजची दहावीच्या पातळीची आयजीसीएसई परीक्षाही खासगी विद्यार्थ्यांना देता येते, पण तिचे विषयागणिक शुल्क तीन मुलांनी गुणून पाहावे आणि मगच विचार करावा.

एनआयओएसमध्ये माध्यमिकला गणित सक्तीचे नाही, ही गोष्ट अनेक पालकांना सुटकेची वाटते. चौदाव्या वर्षी मुलीला पुढे विज्ञान शाखा नकोच आहे याची खात्री कोणालाही देता येत नाही, म्हणून माझे मत असे, की गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय मुलांनी दहावीपर्यंत ठेवावेत.

कायद्याविषयीही येथेच सांगतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. मुलांना जवळच्या शाळेत घालण्याचे कर्तव्य तो पालकांवर सोपवतो. मात्र घरी शिकवण्याचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही आणि पालकांना दंड करणारी तरतूदही नाही. याच कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो. घरचे जमले नाही, आजारपण आले, नोकरीचे गाव बदलले, तर परतीची वाट उघडी आहे हे ठाऊक असले की पालक अभ्यासक्रम निवडताना घाबरून सगळे काही विकत घेत नाहीत. अधूनमधून प्रमाणपत्र हवे असेल, तर एनआयओएसच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष आहेत.

दुसरी पायरी: मूल खरोखर कुठे आहे ते पाहावे

वयावरून इयत्ता आणि इयत्तेवरून पुस्तक, ही साखळी घरी पाळण्याचे कारण नाही. प्रत्येक मुलाला भाषा आणि गणित या दोनच गोष्टींत तपासावे, तेही परीक्षेचा ताण न देता. मधल्याला न वाचलेल्या गोष्टीचे एक पान मोठ्याने वाचायला सांगावे. तो जोडाक्षरापाशी थांबतो का, रफाराचा शब्द अंदाजाने उरकतो का, वाचून झाल्यावर गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो का, हे वहीत टिपावे. थोरलीला १/२ आणि १/३ यांची बेरीज विचारावी. तिने २/५ सांगितले, तर तिच्यापुढे सातवीचे पुस्तक उघडण्याआधी कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक पुन्हा करावे लागतील. या तपासणीत मधला वाचनात दुसरीचा आणि गणितात चौथीचा निघाला तर बिचकू नये. वर्गात हे अडचणीचे ठरते. घरी दोन विषयांची दोन वेगवेगळ्या इयत्तांची पुस्तके आणली की काम भागते.

तिसरी पायरी: स्वतंत्र काय आणि सामाईक काय

सगळ्या निवडीचा गाभा इथे आहे. गणित, वाचन आणि लेखन या गोष्टी पायरीपायरीने चढत जातात. खालची पायरी कच्ची असेल तर वरची टिकत नाही, म्हणून त्या प्रत्येकाच्या स्वतंत्र ठेवाव्यात. इतिहास, भूगोल, विज्ञानातील बरेचसे विषय, कला, संगीत आणि मोठ्याने वाचन या गोष्टी मात्र एकाच विषयावर तिन्ही मुलांना तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर करता येतात. अशा रीतीने वीसेक विषयांचा भार सहा स्वतंत्र (प्रत्येकाचे गणित आणि भाषा) आणि दोन-तीन सामाईक कामांवर येतो.

पावसाचे उदाहरण घेऊ. सरळ उभ्या कडांची, सपाट बुडाची एक बरणी गच्चीवर किंवा अंगणात मोकळ्या जागी ठेवावी आणि रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मोजावी; भारतीय हवामान विभागही चोवीस तासांचा पाऊस सकाळी ८.३० वाजताच नोंदवतो. धाकटी बरणी रिकामी करते आणि ‘कालपेक्षा जास्त की कमी’ ते सांगते. मधला उंची मिलिमीटरमध्ये लिहितो आणि आठवड्याचा स्तंभालेख काढतो. थोरली हिशेब करते: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, मग ५० चौरस मीटरच्या गच्चीवर ३० मिलिमीटर पाऊस पडला तर १,५०० लिटर पाणी वाहून गेले. त्यानंतर नकाशा उघडावा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि पूर्वेकडे माण तालुक्यात जेमतेम ५००च्या आसपास, असे का, या प्रश्नातून सह्याद्री, ढग आणि पर्जन्यछायेचा प्रदेश हे सगळे येते. हा महिनाभराचा भूगोल, विज्ञान आणि गणित झाले आणि साहित्याचा खर्च एका बरणीचा.

इतिहासासाठी तीन वर्षांचे चक्र आखावे. बालभारतीच्या आतापर्यंतच्या मांडणीत सहावीला प्राचीन, सातवीला मध्ययुगीन आणि आठवीला आधुनिक भारताचा इतिहास येतो, तर चौथीला शिवछत्रपतींचे चरित्र आहे. ज्या वर्षी थोरली सातवीचे पुस्तक वाचते, त्याच वर्षी मधल्याला चौथीचे द्यावे. धाकटी गोष्टी ऐकते, किल्ल्याचे चित्र काढते आणि दिवाळीत अंगणात किल्ला करताना तिलाही बुरूज, माची, बालेकिल्ला हे शब्द कळू लागतात. पुढच्या वर्षी सारे घर आधुनिक कालखंडात जाते, त्यानंतर प्राचीन. चक्र पुन्हा मध्ययुगाशी येते तेव्हा मधला अकराचा आणि धाकटी आठची झालेली असते, म्हणजे तीच पुस्तके एकेक पायरी खाली सरकतात. ‘हिचे अजून मोगल झाले नाहीत’ अशा काळज्या यामुळे उरत नाहीत.

चौथी पायरी: कणा कोणत्या पुस्तकांचा

एकच मालिका घराचा कणा म्हणून निवडावी आणि बाकीचे साहित्य तिच्याभोवती जोडावे. मराठी घरासाठी पहिली निवड बालभारतीची असावी असे मला वाटते. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळाची पुस्तके स्वस्त आहेत, ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात आणि एकाच विषयाचे पुस्तक मराठी व इंग्रजी दोन्ही माध्यमांत मिळते. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपापल्या जिल्ह्याची माहिती असते, ही सोय दुसऱ्या कोणत्याही संचात मिळणार नाही. उणीवही सांगायला हवी: प्राथमिक इयत्तांतील पुस्तके शिक्षक समोर आहे असे धरून लिहिलेली असल्याने पालकाने आदल्या रात्री धडा वाचून ठेवावा लागतो.

एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची पुस्तके हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत मोफत उपलब्ध आहेत. एनआयओएसची तयारी इंग्रजीतून करणाऱ्यांनी सहावीनंतर विज्ञान आणि गणितासाठी ती जरूर पाहावीत. दोन्ही मालिका पूर्ण करण्याचा आग्रह मात्र धरू नये. एक वाचावी आणि दुसरीतून प्रश्न घ्यावेत.

परदेशी होमस्कूलिंग संच देखणे असतात, पालकाने काय बोलावे तेही त्यांत लिहून दिलेले असते, आणि नवख्या पालकाला त्याचा आधार वाटतो. त्यांतील अमेरिकन संचांत नाणी डॉलर-सेंटची, मापे इंच-पौंडाची, इतिहास तिथल्या वसाहतींचा, आणि काही संच तर उघडपणे एका धर्माच्या शिकवणीवर बेतलेले असतात. घ्यायचाच असेल तर एखाद्या विषयापुरता, उदाहरणार्थ इंग्रजी वाचनापुरता घ्यावा. कणा परका ठेवला, तर प्रत्येक धडा घरच्या जगाशी जुळवून घेण्याचे काम पुन्हा पालकावरच येते.

पाचवी पायरी: भाषेचे साहित्य

धाकटीला वर्णमाला क्रमाने पाठ करून घेण्याआधी अक्षरगटांनी सुरुवात करावी. क, म, ल, न ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर काका, मामा, कान, नाक, नाला, मका, कमल, कमान असे शब्द वाचता येतात, आणि आपण वाचतो आहोत हा आनंद मुलीला सुरुवातीलाच मिळतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर अक्षरे लिहून शब्द जुळवायला द्यावेत. हे काम ती एकटीने करू शकते आणि तेवढा वेळ मधल्यासाठी मोकळा होतो. मराठी वाचन कसे शिकवावे यावर पालघर जिल्ह्यातील क्वेस्ट संस्थेचे काम पालकांनी आवर्जून पाहावे.

वाचता येऊ लागल्यावर पाठ्यपुस्तकांपेक्षा भरपूर गोष्टींची गरज असते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत व्यासपीठावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि अनेक गोष्टी इंग्रजीतही असल्याने मधल्याला आधी मराठी आणि मग इंग्रजी आवृत्ती देता येते. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची चित्रपुस्तके विकत घेण्याजोगी आहेत, कारण तीन मुलांच्या हातून ती बरीच वर्षे फिरतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात; थोरलीसाठी तो मोठा खजिना आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मराठीतील असंख्य पुस्तके आणि टाकाऊतून विज्ञान-खेळणी करण्याच्या कृती मोफत आहेत. एवढे असताना गावच्या वाचनालयाची वर्गणी मात्र चुकवू नये, कारण पडद्यावरचे पुस्तक एका वेळी एकाच्याच हाती असते आणि त्यावरून भांडणे होतात.

माध्यमाचा निर्णय लवकर घ्यावा. अकरावीनंतर विज्ञान इंग्रजीतूनच शिकायचे असेल, तर सहावीपासून बालभारतीची गणित-विज्ञानाची मराठी आणि इंग्रजी पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. संकल्पना मराठीतून पक्की होते आणि संज्ञा हळूहळू इंग्रजीतून येतात.

सहावी पायरी: गणिताचे साहित्य

गणितावर पैसे खर्च करायचे असतील, तर ते हाताळण्याच्या वस्तूंवर करावेत. मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो: मूल ‘सत्तेचाळीस’ ऐकते, सात आधी लिहिते आणि ७४ करून बसते. बालभारतीच्या २०१९च्या दुसरीच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ असे पर्यायी वाचन देण्यामागे हीच अडचण होती. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे शंभर मण्यांची गणितमाळ, ज्यात दहा मणी एका रंगाचे आणि पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे असतात. दिल्लीच्या जोडोज्ञान संस्थेने ती रूढ केली. घरीही दोऱ्यात मणी ओवून तासाभरात होते. माळ आडवी टांगावी, ‘सत्तेचाळीस दाखव’ म्हणावे आणि मुलाला चार पूर्ण दशक ओलांडून पाचव्यातील सातव्या मण्यापुढे चिमटा लावू द्यावा. मग लिहायला सांगावे. काही दिवसांत अंक उलटे होणे बरेच कमी होते.

याच माळेवर धाकटी मोजते, मधला बेरीज-वजाबाकीच्या उड्या मारतो आणि थोरली शतमान समजून घेते, म्हणजे खरेदी एक आणि उपयोग तिघांना. नवनिर्मिती संस्थेचे एकमेकांत जोडता येणारे जोडो ब्लॉक आणि स्ट्रॉ यांचाही असाच बहुवयीन उपयोग होतो. पूर्ण माँटेसरी संच महाग असतात आणि त्यांतील बऱ्याच गोष्टी स्वयंपाकघरातील मापे, चिंचोके आणि तराजू यांनी भागतात. विज्ञानासाठी मुंबईच्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी तयार केलेले साहित्य कृतींवर आधारलेले आहे आणि तेही एकत्र बसून करता येते.

सातवी पायरी: विकत घेण्यापूर्वी

कोणताही संच घेण्याआधी त्याचे एक प्रकरण छापून किंवा उसने आणून पंधरवडाभर चालवून पाहावे आणि तीन गोष्टी तपासाव्यात. मूल किमान अर्धे काम पालकाशिवाय करू शकते का? उत्तरे शेवटी दिली आहेत का, म्हणजे थोरलीला स्वतः तपासता येईल? आणि पुस्तक धाकट्यासाठी पुन्हा वापरता येईल का, की त्यातच लिहून संपते? भरून टाकायच्या कार्यपुस्तिका प्रत्येक मुलासाठी नव्याने घ्याव्या लागतात. त्याऐवजी पुस्तक कोरे ठेवून वहीत लिहिण्याची सवय लावावी.

आठवी पायरी: दिवसात बसवून पाहावे

निवडलेले साहित्य प्रत्यक्ष सकाळच्या वेळापत्रकात मांडल्याखेरीज निवड पूर्ण झाली असे समजू नये. पहिला अर्धा तास तिघांसाठी मोठ्याने वाचन. त्यानंतर धाकटीला आधी वीस मिनिटे द्यावीत. लक्ष मिळाले की ती समाधानाने खेळायला जाते, आणि तिला शेवटी ठेवले तर ती सगळ्यांच्याच अभ्यासात व्यत्यय आणते. तेवढ्यात थोरली कालचे गणित स्वतः तपासते. मग मधल्याला पाऊण तास, ज्यात पंधरा मिनिटांचे लेखन तो एकटा करतो, आणि तेव्हा पालक थोरलीच्या आदल्या दिवशीच्या अडलेल्या गणितांकडे वळतात. उरलेला वेळ सामाईक विषयाला. या मांडणीत एखादे पुस्तक बसतच नसेल, तर ते कितीही चांगले असले तरी यंदा बाजूला ठेवावे.

संगीत किंवा चित्रकला बाहेर शिकवणी लावून करता येते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या, प्रारंभिकपासूनच्या परीक्षांना शालेय इयत्तेची अट नाही.

नोंदी आणि कागदपत्रे

प्रत्येक मुलाची एक फाइल असावी: वाचलेल्या पुस्तकांची यादी, महिन्यातून एकदा लेखनाचा नमुना, गणिताचे सोडवलेले पान, प्रकल्पांची छायाचित्रे. जन्मदाखला, आधार आणि असल्यास शाळेचा दाखला या सर्वांवर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचे स्पेलिंग एकसारखे आहे का, हे थोरली बारा वर्षांची असतानाच पाहून दुरुस्त करावे. परीक्षेच्या अर्जाच्या वेळी ही दुरुस्ती फार दमवते.

थोरलीच्या परीक्षेची वर्षे

थोरली तेराची झाली की घराची मांडणी बदलावी लागते. एनआयओएसची अभ्यासपुस्तके संकेतस्थळावर मोफत आहेत, म्हणून प्रवेशाच्या वर्षभर आधीच ती उघडावीत. पाच विषय एकाच सत्रात देण्याऐवजी आधी भाषा आणि एखादा सोपा विषय, पुढच्या सत्रात गणित, विज्ञान आणि उरलेला विषय असे वाटून घेतले, तर घरातील बाकीच्यांचा वेळ खाल्ला जात नाही. शिक्षक-मूल्यांकित स्वाध्यायांचा (घरी लिहून शिक्षकांकडून तपासून घ्यायच्या कामाचा) गुणांत २० टक्के वाटा असतो. त्यांची मुदत भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. या काळात थोरलीने सामाईक विषयांतून बाहेर पडावे, फक्त सकाळचे वाचन सोडू नये. मधला आता दहाच्या पुढे गेलेला असतो, त्यामुळे पावसाच्या नोंदी आणि नकाशे धाकटीला समजावण्याचे काम त्याच्याकडे देता येते.

थोरलीची पुस्तके मधल्यासाठी राखून ठेवताना दर मे महिन्यात बालभारतीच्या संकेतस्थळावर त्या इयत्तेची आवृत्ती बदलली आहे का हे पाहावे. राज्यात २०२५-२६पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला असून पुढील इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. एनआयओएसकडे जाणाऱ्या मुलांना भाषा आणि गणिताची जुनी पुस्तके खुशाल चालतील. १७ नंबरच्या फॉर्मने राज्य मंडळाची दहावी देणाऱ्यांनी मात्र नववी आणि दहावीची पुस्तके चालू आवृत्तीचीच घ्यावीत.